हजेरी मोठ्याने द्या



वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मागच्या रविवारी वाचन झाले, सरणत्तय झाले, मुलांना खीर वाटून झाली. मंडळी उठली. आम्ही सतरंजी झटकत होतो, तेवढ्यात एक भगिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, जरा थांबता का? पोरीचं बोलायचं होतं."

या भगिनी चार घरी धुणीभांडी करतात. घरधनी अंबडच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला आहेत. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि यंदा कॉलेजात गेली. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. पेढे आम्हीही खाल्ले होते. आता दीड महिन्यात मुलगी म्हणते, कॉलेज नको. घरी धाकट्या भावाशी दिवसभर भांडणारी पोर तिकडे तोंडच उघडत नाही. सकाळी निघायची वेळ झाली की पोटात दुखते. आणि आजी म्हणू लागली आहे, "जायचं नसंल तर राहू द्या, तिच्या मामानं एक स्थळ आणलंय."

आम्ही त्या मुलीशी विहाराच्या ओट्यावर बसून बोललो. बोललो म्हणजे बराच वेळ आम्हीच बोललो आणि ती फरशीकडे बघत राहिली. मग हळूहळू कळले. सर भराभर इंग्रजीत शिकवतात. वर्गातल्या मुली आधीपासून एकमेकींच्या ओळखीच्या आहेत. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये एकटे बसायला लाज वाटते, म्हणून ती डबा न खाता जिन्यात उभी राहते. आणि शेवटी तिने खरी गोष्ट सांगितली, जी घरीही सांगितली नव्हती. महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजकडून दुरुस्तीसाठी परत आला होता. मोबाईलवर तसा मेसेज येऊन बारा दिवस झाले होते. काय दुरुस्ती करायची ते ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारायचे होते. ती तीनदा खिडकीपर्यंत गेली आणि तिन्ही वेळा गर्दी बघून परत फिरली.

वाचकहो, एका वाक्यासाठी पोरीचे शिक्षण अडले होते. "सर, माझा अर्ज का परत आला?" एवढेच ते वाक्य.

कुणी म्हणेल, काय ही आजकालची पोरे! आम्ही तसे म्हणणार नाही, कारण आम्हाला आमचे पहिले वर्ष आठवते. त्याला पंचवीस वर्षांवर काळ लोटला. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्ही शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसत होतो. वर्गात शंभरावर पोरे. सर हजेरी घेत आणि आमचा नंबर आला की आम्ही "येस सर" म्हणत होतो. म्हणत होतो खरे, पण ते आमचे आम्हालाच ऐकू येई. सरांनी मान वर करून दुसऱ्यांदा नंबर पुकारला की सगळा वर्ग मागे बघायचा, मग तर उरलासुरला आवाजही जायचा. एकदाही दांडी न मारता वर्षाअखेरीला कमी हजेरीच्या यादीत आमचे नाव लागले. परीक्षेला बसू देणार नाही, पालकांना घेऊन या, असा हुकूम झाला. वडिलांनी अर्धा दिवस बुडवला, घामाच्या शर्टातच कॉलेजला आले आणि स्वतःपेक्षा वयाने लहान असलेल्या माणसापुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, पोरगा रोज येतो हो," एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. परीक्षेला बसू दिले, पण ते जोडलेले हात आम्ही विसरलेलो नाही.

आमचा आवाज मुळातच लहान होता असेही नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत घोषणा द्यायला आम्हीच पुढे. वर्गात मात्र घसा बंद होई. त्याचे एक कारण आज सांगतो. कॉलेज सुरू होऊन आठच दिवस झाले होते. शिपाई नोटीस घेऊन वर्गात आला आणि सरांनी ती मोठ्याने वाचली, "बी. सी. विद्यार्थ्यांनी फॉर्मसाठी ऑफिसला भेटावे." पाठोपाठ नावांची यादी वाचली. प्रत्येक नावाला माना वळत होत्या. त्यात वाईट असे कुणी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून नाव पुकारले की आम्हाला वाटे, आता पुन्हा माना वळतील. हजेरीच्या वेळी घसा बसायचा तो तिथून.

म्हणून आम्ही आईबापांना पहिली विनंती करतो, की पोराचे गप्प बसणे दोन तऱ्हेचे असते ते ओळखा. एक स्वभावाचे. काही माणसे मुळातच कमी बोलतात, ऐकतात जास्त. त्यात काही खोट नाही. अशी मुले अभ्यासाला बसली की उठत नाहीत आणि मैत्री केली तर जन्मभर निभावतात. दुसरे गप्प बसणे भीतीचे. हसतील, आडनाव विचारतील, आपले इंग्रजी चुकेल, आपली वस्ती कळेल, ही ती भीती. ही पोराच्या स्वभावातून आलेली नाही, ती बाहेरून घातली गेली आहे. आपल्याच नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. तो आला १९६३ साली. त्या नावातले दुखणे साठ वर्षांनंतरही कॉलेजच्या जिन्यात डबा न खाता उभे आहे. स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. भीती तेवढी काढायची आहे.

परमपूज्य बाबासाहेबांना आपण नेहमी व्यासपीठावर पाहतो, बोट उगारलेले, हातात ग्रंथ घेतलेले. पण बाबासाहेबही एकदा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्याच्याही आधीचे पाहा. मुंबईत शाळा सुटल्यावर भीमराव नावाचा एक मुलगा चर्नी रोडच्या बागेत एकटा पुस्तक वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक वाचायला येत. त्यांनी त्या मुलाला हेरले, जवळ जाऊन तू कोण, कुठला, अशी चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळण्याच्या कामीही गुरुजीच मध्ये पडले. बागेत एकट्या बसलेल्या मुलाची चौकशी एका मोठ्या माणसाने केली, त्यातून केवढे घडले! आपल्या वस्तीतल्या गप्प पोराची अशी चौकशी आपण कधी केली?

१९०८ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. पण त्याच कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी त्यांना पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे तरी लगेच जम बसला काय? नाही. आधी हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले, तिथले जेवण मानवले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याच्या सोबत राहिले. तीन बिऱ्हाडे झाली तेव्हा कुठे पाय टेकले. सुरुवातीचे काही महिने मित्र आणि खेळ यांत गेले, मग एके रात्री स्वतःशी विचार करून त्यांनी अभ्यासाला वाहून घेतले, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. भथेनांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९३० साली बाबासाहेबांनी आपल्या कोलंबियाच्या दिवसांविषयी लिहिले, तेव्हा काही वर्गमित्र आणि ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक आपले सर्वांत चांगले मित्र होते असे त्यांनी नमूद केले. म्हणजे शेदोनशे ओळखी लागत नाहीत. एक भथेना लागतो आणि एखादा सेलिग्मन लागतो.

आणखी एक गोष्ट आम्हा कॉमर्सवाल्यांच्या जिव्हाळ्याची. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी प्यावे यालाही काहींनी हरकत घेतली. विद्यार्थ्यांनीही आरंभी त्यांची फारशी दखल घेतली नाही. पण त्यांची तयारी अशी, की थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊ लागले. पुढे १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे. पोरांनी उभे राहावे, मुद्दा मांडावा, दुसऱ्याचा मुद्दा खोडावा. १९५० साली बाबासाहेब स्वतः त्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. बोलणे हे जन्माने येत नाही, ते सरावाने येते आणि त्यासाठी सरावाची जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते.

वर्षावासाचे दिवस आहेत म्हणून विनयपिटकातली एक कथा सांगतो. महावग्गात ती आहे. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासासाठी एकत्र राहिले. आपसांत भांडण नको म्हणून त्यांनी ठरवले, तीन महिने कुणी कुणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडावी, पाणी ठेवावे. एखादे भांडे एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण शब्द काढायचा नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला भगवंतांकडे गेले आणि आम्ही तीन महिने सुखाने राहिलो असे सांगू लागले. त्यांना वाटले शाबासकी मिळेल. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली. असे राहणे म्हणजे जनावरांनी एका गोठ्यात राहण्यासारखे आहे असे सांगितले आणि मुकेपणाचे व्रत घ्यायला मनाई केली. त्या जागी त्यांनी प्रवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येकाने संघापुढे यावे आणि म्हणावे, माझे काही चुकले असेल, तुम्ही पाहिले, ऐकले असेल, तर मला सांगा.

भगवंतांनी मौनाचा आदर केला आहे, ध्यानाला शांतता सांगितली आहे. पण भीतीने पाळलेला मुकेपणा त्यांना मान्य नव्हता. शेजारी राहून न बोलणे हे राहणे नव्हे. योगायोग पाहा, कॉलेजचे पहिले सत्र आणि वर्षावास साधारण एकाच काळात येतात. आमची पोरे कॉलेजात हेच मुकेपणाचे व्रत करून बसली आहेत. आश्विन पौर्णिमेच्या प्रवारणेपर्यंत ते सुटले पाहिजे.

आता कामाच्या गोष्टी. पहिल्या वर्षाच्या पोरापोरींनी हा भाग कात्रण काढून वहीत ठेवावा.

शेवटचा बाक सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत कडेला बसा. तिथे सरांचे बोलणे नीट कळते आणि मागे माना किती वळल्या ते दिसत नाही. हजेरी मोठ्याने द्या. दिवसातला तो एकच शब्द आधी सुधारा.

शेजारच्याला एकच वाक्य विचारा, "कालची वही देता का?" मैत्रीची सुरुवात बहुधा वहीपासून होते. तुमच्यासारखेच आणखी एखादे पोर एकटे बसलेले असेल, सुरगाण्याहून, पेठहून, चांदवडहून आलेले असेल. तेही वाट बघत असते.

वर्गात हात वर करवत नसेल तर प्रश्न कागदावर लिहा आणि तास संपल्यावर सरांना किंवा मॅडमना दाखवा. लिहिलेला प्रश्न वाचून दाखवायला हिंमत कमी लागते.

इंग्रजीची भीती एका दिवसात जात नाही. रोज रात्री पाठ्यपुस्तकातले एक पान घरात मोठ्याने वाचा. अडलेला शब्द वहीत लिहा, शेजारी मराठी अर्थ लिहा. कोणत्या विषयाची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते ते आधीच विचारून ठेवा.

एन. एस. एस.मध्ये नाव घाला. १९६९ पासून चालू असलेली ही योजना लाजऱ्या मुलांना फार चांगली. झाडे लावताना, शिबिरात भाकरी थापताना, रस्ता करताना हात चालतात आणि तोंड आपोआप सुटते. घरची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजनेची चौकशी करा, त्यात कमीपणा नाही. घरात अभ्यासाला जागा नसेल तर कॉलेजच्या वाचनकक्षात बसा. आपल्या शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, तेही एकदा आत जाऊन पाहा.

आता खिडकीविषयी. आम्ही स्वतः कारकून आहोत. खिडकीच्या आतल्या बाजूचे आम्हाला ठाऊक आहे. ऑफिस उघडल्या-उघडल्या जा, जेवणाच्या वेळेला किंवा शेवटच्या तारखेला जाऊ नका. अर्जाचा नंबर, आधार, जातीचा व उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. विचारायचे वाक्य घरी दोनदा म्हणून बघा. कागद दिला तर पोच मागा. उद्या या म्हणाले तर किती वाजता आणि कोणाला भेटू, हे विचारा. आतला माणूस खेकसला तर तो तुमच्यावरच खेकसला असे समजू नका, सकाळपासून तो सगळ्यांवरच खेकसत असतो. शिष्यवृत्ती ही त्याची मेहेरबानी नाही. घटनेने आपल्याला जे दिले त्यातली ती आहे. ती मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

आईबापांनो, पोराला "तुला तोंड नाही का?" असे म्हणू नका. शेजारच्या चुणचुणीत पोराचे नाव घेऊन टोचू नका. आम्हा कार्यकर्त्यांना आणखी एक खोड आहे, तीही कबूल करतो. आम्ही भाषणात म्हणतो, २ मार्च १९३० ला याच नाशकात आपले आजे-पणजे काळाराम मंदिराच्या दाराशी उभे राहिले, दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे तो लढा चालवला, आणि तुम्हाला कॉलेजच्या खिडकीशी उभे राहता येत नाही? टाळ्या पडतात, पण लाजऱ्या पोराची मान आणखी खाली जाते. त्या सत्याग्रहाला माणसे एकेकटी गेली नव्हती, हजारोंच्या संगतीने गेली होती. पोराला इतिहास जरूर सांगा, पण त्याबरोबर संगतही द्या. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत बरोबर जा. बोलू मात्र त्यालाच द्या.

मुलीचे मन कॉलेजात रमत नाही म्हणून लगेच स्थळ बघायला धावू नका. पोटात दुखणे हे लग्नाचे कारण होऊ शकत नाही. निदान एक वर्ष पुरते थांबा.

गप्प बसण्यामागे छळ नाही ना, हेही बघा. जातीवरून टोमणे, रॅगिंग, मुद्दाम नापास करण्याची धमकी असे काही असेल तर तो लाजरेपणाचा प्रश्न उरत नाही, तो कायद्याचा होतो. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. तक्रार लेखी करा, पोच घ्या, चार माणसे बरोबर न्या. हैदराबादचा रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. पोर जेवत नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर नजर लागली म्हणून उतरवत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलीमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलते, मराठीतही बोलते.

आणि विहार समित्यांना एक सूचना. सिद्धार्थ कॉलेजची पार्लमेंट आपण प्रत्येक विहारात लहान प्रमाणात भरवू शकतो. रविवारचे वाचन झाल्यावर पंधरा मिनिटे पहिल्या वर्षाच्या मुलांना द्या. त्यांनी आठवड्यात काय शिकले ते उभे राहून सांगावे. चुकले तर कुणी हसायचे नाही, एवढा एकच नियम. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी एकेका नव्या पोराची जबाबदारी घ्यावी. माईक लावू नका, हार-तुरे नकोत, अध्यक्ष नको.

त्या मुलीचे काय झाले ते सांगून थांबतो. गुरुवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. तिला वाटले, काका बोलतील. आम्ही समोरच्या बाकावर बसून राहिलो. ती रांगेत उभी राहिली. दोन पोरे मध्ये घुसली, ती काही बोलली नाही. तिसरा घुसू लागला तेव्हा तिने पिशवी आडवी धरली. खिडकीवर तिचे बोलणे आम्हाला ऐकू आले नाही, पण आतल्या माणसाला आले असावे, कारण त्याने अर्ज काढून बघितला. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत पुसट आली होती, एवढेच! त्या संध्याकाळी तिने नवी प्रत चढवली. अर्ज आता पुढे गेला आहे. स्थळाचे बोलणे तूर्त मागे पडले आहे, संपले आहे असे आम्ही म्हणत नाही.

कॉलेज आवडायला लागले का, असे आम्ही विचारले. "अजून नाही," ती म्हणाली. पण डबा आता जिन्यात राहत नाही. दिंडोरीची एक मुलगी तिच्यासारखीच जिन्यात उभी राहायची, दोघी मिळून खातात. प्रवारणेच्या दिवशी विहारात दोन पाने वाचशील का, असेही विचारले. ती हो म्हणाली नाही. कोणती दोन पाने, तेवढे विचारून गेली.

जयभीम. नमो बुद्धाय.